एन्ट्रीची टाळी आणि त्यानंतरचे तीन भाग : बिग फिनिशला खुले पत्र

प्रति,
निर्माते, लेखक व दिग्दर्शक मंडळी,
बिग फिनिश प्रॉडक्शन्स

विषय : 'रॅव्हेजर्स' या 'डॉक्टर हू'च्या श्राव्य नाटकातून झालेलं ख्रिस्तोफर एकल्स्टन यांचं पुनरागमन

सप्रेम नमस्कार,

पत्र मराठीत आहे. तुमच्या डॉक्टरची टार्डिस, म्हणजे त्याचं काळातून फिरणारं यान, म्हणे विश्वातल्या साऱ्या भाषा परस्पर उलगडून देते, तेव्हा तेवढी सोय तुमच्या ऑफिसातही असेलच. नसली तर इंग्लंडमध्ये ठाण्याचं माणूस शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

मी नौपाड्यात राहते, नोकरीला ऐरोलीला जाते आणि जाता-येता तुमची नाटकं ऐकते. तक्रार तशी जुनी आहे. ती आज लिहायला बसले याला कारण माझा भाचा. त्याला 'डॉक्टर हू'चं वेड लागलं, २००५ची मालिका त्याने सुट्टीत एका दमात संपवली आणि मग विचारलं, "मावशी, या नवव्या डॉक्टरचं आणखी काही आहे का गं?" मी म्हटलं, आहे, पण बघायचं नाही, ऐकायचं. पठ्ठ्याने मला न विचारताच क्रमाने पहिला संच मिळवला. क्रमाने पहिला म्हणजे 'रॅव्हेजर्स'. पहिला भाग अर्ध्यात आला असेल नसेल, त्याने हेडफोन काढून ठेवला तो पुन्हा काही लावला नाही. तुमच्याकडे याहून कितीतरी सरस नाटकं आहेत हे मी त्याला अजून पटवते आहे. दार उघडताक्षणी पाहुणा उंबऱ्यावरून परत गेला, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका १९६३ साली सुरू झाली. नायक परग्रहावरचा, काळातून फिरणारा, आणि मरायला टेकला की देह पालटणारा. त्यामुळे नट बदलत राहतात, डॉक्टर तोच. १९८९ला मालिका बंद पडली. २००५ साली ती पुन्हा उभी राहिली ती एकल्स्टन यांच्या खांद्यावर. ते नववे डॉक्टर. काळं लेदर जॅकेट, बारीक कापलेले केस आणि उत्तर इंग्लंडचा ठसठशीत हेल. एरवी प्रमाणभाषेत बोलणाऱ्या माणसालाच नायक म्हणायची सवय, तुमच्याकडे काय आणि आमच्या पुण्या-मुंबईकडे काय. इथे सॅलफर्डचा माणूस आपल्या बोलीत विश्व वाचवत होता. पहिला भाग २६ मार्च २००५ला दाखवला गेला आणि आठवडा उलटायच्या आत बातमी आली की हे गृहस्थ दुसऱ्या पर्वाला नाहीत. तेरा भाग, संपलं. २०१३ला मालिकेची पन्नाशी साजरी झाली तेव्हाही ते आले नाहीत. पन्नाशीच्या त्या खास भागात त्यांच्याऐवजी जॉन हर्ट यांचा 'वॉर डॉक्टर' आला.

बिग फिनिश म्हणजे १९९९पासून याच डॉक्टरच्या नव्या गोष्टी ध्वनिनाट्याच्या रूपात काढणारी मंडळी. जुने डॉक्टर तेच, आवाज तेच, गोष्टी नव्या. दूरदर्शनसंचाला झेपणार नाहीत असली दृश्यं ही मंडळी नुसत्या आवाजावर उभी करतात.

तर ऑगस्ट २०२०मध्ये तुम्ही जाहीर केलं की एकल्स्टन परत येत आहेत. पंधरा वर्षं ज्यांनी त्या वाटेला पाऊल टाकलं नाही, ते येणार! आम्ही घरात कोंडलेले, हातात फोन, आणि ही बातमी. त्या उन्हाळ्यापावसाळ्यात कानावर येणाऱ्या बातम्यांत चांगली अशी बहुधा तेवढी एकच. म्हणजे अपेक्षा किती वर गेली असेल याची कल्पना करा.

संच आला मे २०२१मध्ये. आमच्याकडे दुसरी लाट. लोकलमध्ये सामान्यांना प्रवेश नाही, ऐरोलीचं ऑफिस घरातल्या जेवणाच्या टेबलावर. त्यातच १७ मेला तौक्ते वादळ मुंबईला घासून गेलं. आमच्या गल्लीतलं गुलमोहराचं झाड आडवं झालं, वीज गेली, इंटरनेट गेलं. फोनमध्ये मात्र 'रॅव्हेजर्स' उतरवून ठेवलं होतं आणि बॅटरी शिल्लक होती. खिडक्या थडथडत होत्या आणि कानात ती सुप्रसिद्ध धून सुरू झाली. मग तो आवाज आला. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला.

पण तो काटा एन्ट्रीचा होता.

एन्ट्री म्हणजे काय हे ठाण्याच्या प्रेक्षकाला शिकवायची गरज नाही. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत आमच्या पिढ्या वाढल्या. दुसरं नाट्यगृह बांधलं त्याला तर आम्ही डॉ. काशिनाथ घाणेकरांचं नाव दिलं, आणि घाणेकर म्हणजे एन्ट्रीलाच टाळ्या-शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेणारा नट. पण ज्यांनी त्यांना पाहिलं ती जुनी माणसं आजही एन्ट्रीबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि संभाजीबद्दल, लाल्याबद्दल तासभर. त्या दोन्ही भूमिका कानेटकरांनी लिहिल्या होत्या. नट आला, टाळी पडली, आणि पुढे त्याला खेळायला प्रसंग होता, समोर झुंजायला पात्र होतं. नुसता लाडका नट आणून उभा केला आणि हातात प्रसंगच दिला नाही, तर टाळी विरल्यावर प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करायला लागतो. 'रॅव्हेजर्स' ऐकताना मी मिट्ट काळोखात, पलंगावर, चुळबुळत होते.

'स्फिअर ऑफ फ्रीडम', 'कॅटॅक्लिझम' आणि 'फूड फाइट' असे तीन भाग. खेळांचा धंदा करणारं एक दुष्ट साम्राज्य, जहाजाच्या मुदपाकखान्यात राबणारी नोव्हा, ऑड्री नावाची गूढ बाई, काळात उठलेले भोवरे, रोमन सैनिक, वॉटर्लूची लढाई आणि शिवाय विश्वाचा अंत. यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर तासभराचं छान नाटक झालं असतं. इथे सगळं एकदम. डॉक्टरचा बेत जवळजवळ तडीस जायला आलेला असतो तिथे आपण शिरतो, मग मागे जातो, पुढे जातो, आणि प्रत्येक उडीनंतर कुणीतरी कुणाला तरी काय घडलं ते समजावून सांगतं. हे सांगण्याचं काम बहुतेक वेळा डॉक्टरच्या गळ्यात. नमनालाच घडाभर तेल, आणि ते ओतायला चक्क नायक ठेवलेला.

वीज आली त्या दिवशी मी दुसरा भाग जरा मोठ्या आवाजात, स्वयंपाकघरात लावला होता. आई कणीक मळत होती. आईचं इंग्रजी बेताचं, विज्ञानकथा वगैरेशी तिला देणंघेणं नाही, पण ती आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढलेली बाई. माहेरी रात्री रेडिओवर नाटक लागलं की वाड्यातली सगळी माणसं गोळा व्हायची, हे तिने आम्हाला शंभरदा सांगितलंय. दहाएक मिनिटं तिने मुकाट्याने ऐकलं. मग परातीतला गोळा उलटा करत म्हणाली, "हा माणूस सगळ्यांना सांगतोच आहे नुसता. ऐकत कुणाचंच नाही का गं?"

माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ आईने तिथे, पिठाच्या हातांनी, काढून दाखवलं. कारण एकल्स्टन यांचा डॉक्टर हा ऐकणारा डॉक्टर होता. आपल्याच ग्रहाच्या नाशाचं ओझं घेऊन हिंडणारा, वरवर हसरा, आणि समोरचा बोलायला लागला की एकदम गप्प होणारा. तो गप्प झाला की कळायचं, आत काहीतरी लागलंय. त्याच्याबरोबर हिंडणारी बिली पायपरची रोझ विचारायची आणि हा उत्तर द्यायच्या आधी एक क्षण थांबायचा. ते थांबणं म्हणजे त्याचं अर्धं काम. तुम्ही म्हणाल, चेहरा दिसत होता म्हणून थांबता आलं, आवाजाच्या नाटकात मौन कसं दाखवणार? अहो, तुम्हीच दाखवलंय. आणि हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे काशीला जाऊन गंगेचं महत्त्व सांगण्यातलाच प्रकार, पण आता सांगते.

२००५च्या मालिकेत 'डॅलेक' नावाचा भाग आहे. डॅलेक म्हणजे डॉक्टरचा जुना हाडवैरी. लेखक रॉबर्ट शिअरमन. त्याचं बीज म्हणजे त्यांचंच 'जुबिली' हे नाटक, तुमच्याच कंपनीने २००३ साली काढलेलं. म्हणजे एकल्स्टन यांच्या सगळ्यात गाजलेल्या प्रसंगाची नाळ तुमच्या स्टुडिओत पुरलेली आहे. प्रसंग आठवून बघा. युटामधलं जमिनीखालचं संग्रहालय. मालक सांगतो, आमच्याकडे एक जिवंत प्राणी आहे, बोलत नाही. डॉक्टर त्या अंधाऱ्या कोठडीत जातो, बंदिवान जिवाला धीर द्यायला लागतो, मी मदतीला आलोय म्हणतो. आणि अंधारातून एक आवाज त्याच्या नावाने हाक मारतो. बस. त्या आवाजानेच त्याला कळतं समोर कोण आहे. भीती, मग दार बडवणं, मग शत्रूला शस्त्र चालवता येत नाही हे लक्षात आल्यावर फुटलेला तो भयंकर आनंद, आणि त्या आनंदात दिसलेला त्याचा स्वतःचा कुरूप चेहरा. डोळे मिटून ऐका. चित्र काढून घेतलं तरी प्रसंगाचा केसही वाकडा होत नाही. ते रेडिओचंच नाटक आहे. एक खोली, दोन जीव, अंधार.

आणि त्या कोठडीत समोरचा आवाज कुणाचा होता? निकोलस ब्रिग्ज, तुमचा. 'रॅव्हेजर्स'चे लेखकही तुम्ही आणि दिग्दर्शकही तुम्ही. ब्रिग्जसाहेब, हा नट समोरच्याचं ऐकतो तेव्हा काय होतं हे तुमच्याइतकं जवळून अनुभवलेला माणूस दुसरा नसेल. तरीही सोळा वर्षांनी तो तुमच्या हाती आला तेव्हा तुम्ही त्याला काळातल्या भोवऱ्यांचं यंत्रशास्त्र समजावायला बसवलंत. हे मला अजून उमगलेलं नाही.

एक शंका आहे, ती बोलून दाखवते. मराठी रंगभूमीवर लेखक आणि दिग्दर्शक एकच असला की तालमीत वाक्यं कापणारा कुणी उरत नाही. दिग्दर्शक लेखकाला म्हणतो, "हे पान उडव," आणि लेखक तणतणत उडवतो, त्यातून प्रयोग सुधारतो. हे भांडण एकाच डोक्यात व्हायचं म्हटलं की लेखक जिंकतो. 'रॅव्हेजर्स'मध्ये जागोजागी लेखक जिंकलाय. दुसऱ्या कुणी दिग्दर्शकाने ती संहिता हातात घेतली असती तर वॉटर्लू तरी गेलं असतं नाहीतर रोमन तरी.

आता नोव्हाबद्दल. कॅमिला बीपुट गोड बोलतात, त्यांच्या आवाजात चुरचुरीत मिश्किलपणा आहे. पण नोव्हा कोण? तिला काय हवंय, ती कशाला घाबरते, डॉक्टरच्या कुठल्या गोष्टीचा तिला राग येतो? तीन भाग संपले तरी मला सांगता येत नाही. ती कथानकाच्या मागून धावत राहते. डॉक्टरला अडवणारं, त्याला उलट विचारणारं माणूस नसलं की डॉक्टर नुसता हुशार गृहस्थ उरतो. आणि हेही तुम्हाला ठाऊक आहेच. कॉलिन बेकर यांना १९८६ साली दूरचित्रवाणीवरून बाजूला केलं तेव्हा त्यांचा सहावा डॉक्टर म्हणजे भडक कोटातला आढ्यताखोर मनुष्य, एवढीच ओळख मागे उरली होती. तुम्ही २००० साली त्यांच्या शेजारी एव्हलिन स्माइथ आणून बसवलीत. वयस्क, इतिहास शिकवणारी बाई. मॅगी स्टेबल्स यांनी ती केली. ती त्याचं ऐकून घ्यायची नाही, चुकलं की तोंडावर सांगायची. तिच्या सहवासात तो माणूस पिकत गेला, हळवा झाला. कॉलिन बेकर तेच, डॉक्टर तोच, बदललं ते समोरचं माणूस. आज तुमचे श्रोते त्यांच्यावर जीव टाकतात त्याचं श्रेय त्यांच्याइतकंच एव्हलिनचं. पॉल मॅगन यांचंही तेच. १९९६चा एकुलता एक चित्रपट पदरात घेऊन ते तुमच्याकडे आले, २००१मध्ये तुम्ही त्यांना एका हवाई जहाजावर चार्ली पोलार्ड भेटवलीत, आणि आठवा डॉक्टर खऱ्या अर्थाने जन्माला आला.

मग एकल्स्टन यांच्याच वाट्याला असं का? मला वाटतं, तुम्ही दडपलात. इतक्या वर्षांनी आलेला पाहुणा, तेव्हा ताटात किती वाढू आणि किती नको असं झालं. रोमन वाढा, नेपोलियन वाढा, विश्वाचा अंत वाढा.

नटाबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते स्वच्छ लिहून ठेवते. एकल्स्टन यांनी पाट्या टाकलेल्या नाहीत. उलट ते जीव तोडून बोलतात, कधी कधी जरा जास्तच. संहितेत जिथे पोकळ आहे तिथे आवाज चढवून ते भरू बघतात. ट्रान्सहार्बर लोकलच्या डब्यात, दोन गाड्या एकमेकींना घासून जातात तेव्हा मी ते पुन्हा ऐकलं आहे, आणि रात्री सगळं निजल्यावर चांगला हेडफोन लावूनही ऐकलं आहे. गाडीत तर भोवऱ्यांचा घोंघाट, स्फोट आणि हॉवर्ड कार्टर यांचं ठासून भरलेलं संगीत यात कोण बोलतंय तेच कळत नव्हतं. रात्री कळलं, आणि तेव्हा उलट जास्त वाईट वाटलं. कारण मध्येच कुठेतरी, दोन धावपळींच्या मध्ये, ते एखादं वाक्य असं हळू टाकतात की २००५चा माणूस क्षणभर समोर उभा राहतो. मग लगेच कुणीतरी किंचाळतं आणि पळापळ सुरू.

तुमचं सगळंच बिघडलं असं मी म्हणत नाही. पुढचे संच मी घेतले. एका संचाला तेव्हा दोन हजारांच्या आसपास रुपये पडायचे, गडकरीला सहकुटुंब नाटक बघून पुढे मामलेदारची मिसळ खाऊन येता यायचं तेवढ्यात, म्हणजे हौस असल्याशिवाय कुणी घेत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या 'लॉस्ट वॉरिअर्स'मध्ये जॉन डॉर्नी यांचं 'मॉन्स्टर्स इन मेट्रोपोलिस' आहे. फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' चित्रपटाचा सेट, आणि तिथल्या यंत्रमानवाच्या जागी चक्क खरा सायबरमॅन, डॉक्टरचा आणखी एक जुना शत्रू. एक जागा, मोजकी माणसं, एक प्रश्न. तिथे एकल्स्टन थांबतात, ऐकतात, आणि ऐकता ऐकता तुम्हाला धरून ठेवतात. माझ्या भाच्याने आधी हे ऐकलं असतं तर आज तो तुमचं गिऱ्हाईक असता. म्हणजे जमत नाही असा भाग नाही. पहिल्याच घासाला का जमलं नाही, एवढंच विचारायचं आहे.

आता माझं मागणं. नवख्या श्रोत्याने कुठून सुरुवात करावी हे तुमच्या पानावर सांगताना क्रमाकडे बघू नका. नववा डॉक्टर ऐकायचा तर आधी हे ऐका म्हणून 'मॉन्स्टर्स इन मेट्रोपोलिस' पुढे करा, 'रॅव्हेजर्स' ज्याला ऐकायचं तो नंतर ऐकेल. आणि पुढे कधी एकल्स्टन तुमच्या स्टुडिओत आले तर शिअरमन यांच्याकडून, किंवा डॉर्नी यांच्याकडून, एक दोनपात्री नाटक लिहून घ्या. एकच खोली असू द्या. संगीत कमी. समोरच्या पात्राला भरपूर बोलू द्या, डॉक्टरला प्रश्न विचारू द्या. दिग्दर्शक लेखकाहून वेगळा ठेवा. ब्रिग्जसाहेबांना हवं तर अंधारात, पलीकडे, बसवा. ते काम त्यांच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

तसं नाटक निघालं की मला कळवा. दोन संच घेईन, एक माझ्यासाठी आणि एक भाच्यासाठी, आणि आईसाठी स्वयंपाकघरात स्पीकर लावीन.

कळावे, लोभ असावा.

आपली एक श्रोती,
नौपाडा, ठाणे